गेम सॉफ्टवेअरमधील प्रोग्रामिंग भाषांची कार्यक्षमता : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या वर्गात प्रोग्रामिंगच्या भाषांची ओळख करून दिली जात असताना एक प्रश्न हमखास विचारला जातो. यांपैकी सर्वांत वेगवान भाषा कोणती? पाठ्यपुस्तकांत त्याचे उत्तर तयार असते. असेंब्ली सर्वांत वेगवान, तिच्या खालोखाल सी, नंतर सी++, मग जावा व सी-शार्प आणि सर्वांत शेवटी पायथनसारख्या भाषा. हा क्रम चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तो अपुरा आहे आणि त्याचे अपुरेपण जितके गेम सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात उघडे पडते तितके अन्यत्र क्वचितच पडत असेल. पगारपत्रक तयार करणारी आज्ञावली एक सेकंद उशिरा संपली तर कोणाचे काही बिघडत नाही. खेळाच्या आज्ञावलीला मात्र सेकंदाला ६० चित्रे काढावयाची असतात. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी, ज्याला फ्रेम म्हणतात, तिच्या हाती सुमारे १६.६७ मिलिसेकंद एवढाच अवधी असतो. तेवढ्यात खेळाडूची आज्ञा वाचणे, पात्रे हलविणे, टकरी तपासणे आणि चित्र रंगविणे हे सर्व पार पडावे लागते.

बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पंडिती चर्चेचा नाही. अंबाजोगाई, परळी, माजलगाव किंवा गेवराई येथील विद्यार्थ्याच्या हाती येणारा संगणक बहुधा जुना असतो आणि मोबाईल स्वस्तातला. खेळ त्या यंत्रावर चालला तर तो त्याच्यासाठी आहे. अडखळला तर नाही. खेळ बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर त्याने कोणती भाषा शिकण्यात तीन वर्षे घालावीत, हेही या उत्तरावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. वेग भाषेचा नसतो. विशिष्ट यंत्रावर, विशिष्ट कंपायलरच्या हाताने, विशिष्ट काम करणाऱ्या आज्ञावलीचा असतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

सरासरी वेग आणि तात्कालिक गती

वेग म्हणजे काय, हे आधी निश्चित केले पाहिजे. या संदर्भात भास्कराचार्यांचे स्मरण होणे बीडकरांना तरी अस्वाभाविक वाटू नये. शके १०३६ (इ. स. १११४) मध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाचे ‘विज्जलविड’ हे गाव म्हणजेच बीड, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ चा शिलालेख लक्षात घेऊन ते गाव त्या परिसरात असावे, असे मानणारा पक्षही आहे. तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथातील एक विवेचन. चंद्राची दिवसभराची गती ही स्थूल गती होय. त्याचा वेग क्षणोक्षणी बदलत असल्याने सूक्ष्म गणितासाठी त्या त्या क्षणाची, म्हणजे तात्कालिक गती घ्यावी लागते, असा भेद भास्कराचार्यांनी केला आहे.

खेळांच्या बाबतीत नेमका हाच भेद विसरला जातो. समजा, एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १३.६ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि साठाव्या फ्रेमला १९७.६ मिलिसेकंद लागले. बेरीज एक सेकंदच होते. सरासरी सेकंदाला ६० फ्रेम अशी भरते आणि तक्त्यात हा खेळ निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात मात्र सेकंदाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पडदा गोठलेला असतो आणि तेवढ्यात फलंदाज त्रिफळाचीत होतो. भाषांच्या तुलनेचे बहुतेक तक्ते स्थूल गतीचे असतात. खेळाडूला जाणवते ती तात्कालिक गती.

यंत्राशी थेट बोलण्याचा काळ

१९६२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. भाषा अर्थातच असेंब्ली होती. या यंत्राची मेमरी ४०९६ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द १८ बिटांचा. त्याच सुमारास आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा स्वदेशी बनावटीचा संगणक १९६० पासून काम करीत होता. त्याची मेमरी २०४८ शब्दांची होती. खेळ करण्याची चैन त्यावर कोणी केली असती तर त्यालाही यंत्राशी यंत्राच्याच भाषेत बोलावे लागले असते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि फोरट्रानसारखी उच्चस्तरीय भाषा वापरणे येथील संशोधकांच्या अंगवळणी पडू लागले. तो संगणक शास्त्रीय गणितांसाठी होता आणि त्या कामी फोरट्रानचा वेग पुरेसा होता. भाषेची योग्यता कामावर ठरते, याचे हे एक जुने उदाहरण म्हणता येईल.

१९७७ च्या अटारी २६०० या घरगुती यंत्रात मेमरी होती अवघी १२८ बाइट. संपूर्ण चित्र साठविण्यास जागाच नव्हती. त्यामुळे दूरचित्रवाणीचा किरण पडद्यावर एकेक ओळ काढीत असतानाच आज्ञावलीला त्या ओळीचा मजकूर पुरवावा लागे आणि त्यासाठी प्रोसेसरची केवळ ७६ आवर्तने उपलब्ध असत. येथे असेंब्लीवाचून गत्यंतर नव्हते. ‘असेंब्ली सर्वांत वेगवान’ हे सूत्र बऱ्याच अंशी या काळातील अनुभवातून पक्के झाले आणि यंत्रे बदलल्यावरही तसेच राहिले.

या काळातील सर्वांत बोलके उदाहरण १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे आहे. तोमोहिरो निशिकादो यांच्या या जपानी खेळात इंटेल ८०८० प्रोसेसर ५५ परग्रहवासी हलवीत असे. जसजसे ते मारले जात तसतसे काम कमी होई आणि उरलेले अधिक जलद सरकू लागत. प्रोसेसरच्या दुबळेपणातून उद्भवलेली ही गोष्ट खेळाचा प्राण ठरली. कार्यक्षमता वाढविणे म्हणजे नेहमी खेळ सुधारणे, असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

भारतातील शाळांत संगणक आला तो १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या केंद्र सरकारच्या प्रकल्पाद्वारे. त्यासाठी निवडलेला बीबीसी मायक्रो हा संगणक बेसिक भाषेत बोलत असे. बेसिकचा इंटरप्रिटर प्रत्येक ओळ दर वेळी नव्याने वाचून तिचा अर्थ लावतो. त्यामुळे त्याच यंत्रावर असेंब्लीच्या मानाने ती अनेक पट संथ चालते. परंतु बीबीसी बेसिकची रचना करणाऱ्यांनी एक शहाणपणा केला होता. बेसिकच्या आज्ञावलीतच असेंब्लीचा तुकडा लिहिण्याची सोय त्यांनी ठेवली होती. खेळाचे नियम सोप्या भाषेत लिहावेत आणि चित्र सरकविण्याचा तेवढा भाग यंत्राजवळच्या भाषेत लिहावा, ही पुढे सर्वमान्य झालेली विभागणी येथे शाळकरी मुलांपुढे आलेली दिसते.

सी भाषा आणि आपल्या प्रयोगशाळा

१९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविलेली सी भाषा महाराष्ट्रातील महाविद्यालयांत रुजली. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाचा तिच्या प्रसारात मोठा वाटा आहे. मात्र पुस्तकाबरोबर प्रयोगशाळेत आला तो बोर्लंड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर. तो जगात अन्यत्र कालबाह्य झाल्यावरही आपल्याकडे दीर्घकाळ टिकला.

त्याच काळात बाहेर काय चालले होते ते पाहणे उद्बोधक आहे. १९९३ चा ‘डूम’ हा खेळ मुख्यतः सी भाषेत लिहिला गेला. भिंतींचे उभे पट्टे आणि जमिनीचे आडवे पट्टे रंगविणारी आतली चक्रे तेवढी असेंब्लीत होती. अपूर्णांकांचे गणित त्या वेळच्या प्रोसेसरना जड जात असल्याने त्यात पूर्णांकांवर आधारलेली स्थिरबिंदू पद्धत वापरली होती आणि ज्या-कोज्या यांची मूल्ये आधीच काढून कोष्टकात ठेवली होती. (सिद्धान्तशिरोमणीतील ३४३८ त्रिज्येचे २४ ज्यांचे कोष्टक पूर्णांकांतच आहे. गरज सारखी असली की युक्तीही सारखी सुचते.) १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये मायकेल अॅब्रॅश यांनी असेंब्लीची पराकाष्ठा केली. पेंटियम प्रोसेसरचा अपूर्णांक-विभाग भागाकार करीत असतानाच पूर्णांक-विभागाकडून सोळा ठिपके रंगवून घ्यावयाचे, अशी ती योजना होती. पेंटियमवर ती अप्रतिम चालली. परंतु कार्यालयीन कामांत पेंटियमच्या तोडीस तोड असलेला सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ हा प्रोसेसर याच खेळात सपशेल मागे पडला, कारण त्याचा अपूर्णांक-विभाग दुबळा होता. भाषा तीच, आज्ञाही त्याच आणि निकाल मात्र निराळा.

त्याच ‘क्वेक’मध्ये शत्रूंचे वर्तन आणि शस्त्रांचे नियम ‘क्वेकसी’ या दुसऱ्याच, इंटरप्रिटरवर चालणाऱ्या संथ भाषेत लिहिलेले होते. म्हणजे त्या काळच्या अतिवेगवान खेळाच्या पोटात संथ भाषा सुखाने नांदत होती. १९९८ च्या ‘अनरिअल’ या खेळातील अनरिअलस्क्रिप्ट भाषा सीपेक्षा सुमारे वीसपट संथ असल्याचे तिचे कर्ते टिम स्वीनी यांनी स्वतःच नमूद केले होते आणि तरीही ती वापरणे योग्य का, हेही सांगितले होते. एखादी घटना घडली तरच ती जागी होते, त्यामुळे एकूण वेळेतील तिचा वाटा अल्प राहतो. याच्या उलट टोकाला क्रिस सॉयर यांचा १९९९ चा ‘रोलरकोस्टर टायकून’ हा खेळ आहे. तो जवळजवळ संपूर्णपणे असेंब्लीत लिहिलेला आहे. आणि या दोहोंच्या पलीकडे, २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेला ‘जॅक अँड डॅक्स्टर’. त्यासाठी नॉटी डॉग या कंपनीने लिस्प कुळातील भाषा घरीच तयार केली होती. लिस्पला संथ मानणाऱ्या पाठ्यपुस्तकांना हे उदाहरण अडचणीचे आहे. भाषा लिस्पसारखी असली तरी तिचा कंपायलर थेट त्या यंत्रासाठी यंत्रसंकेत निर्माण करीत होता.

आता आपल्या प्रयोगशाळेकडे परत येऊ. टर्बो सी हा डॉसच्या काळातील, १६ बिटांचा संकेत निर्माण करणारा कंपायलर. ३२ बिटांची साधी बेरीजही तो दोन हप्त्यांत करतो. नंतरच्या प्रोसेसरची बलस्थाने त्याला ठाऊकच नाहीत. त्याच्या ग्राफिक्स सुविधेत एकेक ठिपका काढताना प्रत्येक वेळी ड्रायव्हरला हाक मारावी लागते. दुसरीकडे जावाने २००० मधील १.३ आवृत्तीपासून हॉटस्पॉट हे तंत्र प्रमाण म्हणून स्वीकारले होते. आज्ञावली चालू असतानाच तिचा वारंवार वापरला जाणारा भाग ते त्या प्रोसेसरच्या यंत्रसंकेतात बदलते. अशा स्थितीत एकाच संगणकावर टर्बो सीमधील आणि जावामधील एकाच गणिताची तुलना केली, तर जावा मागे पडेलच याची शाश्वती नाही. ज्या विद्यार्थ्यांनी असा प्रयोग केला त्यांना पुस्तकाच्या विरुद्ध निकाल मिळाला की ‘काहीतरी चुकले’ असे सांगून गप्प केले जाई. वस्तुतः त्यांनी भाषांची नव्हे, तर वेगवेगळ्या दशकांतील कंपायलरांची तुलना केली होती आणि निकाल बरोबर होता. टर्बो सीच्या दीर्घ मुक्कामाने सी भाषेविषयीचे आपल्या विद्यार्थ्यांचे ज्ञान वाढविण्याऐवजी काही बाबतींत खुंटविले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जावा, भ्रमणध्वनी आणि मुंबईतील उद्योग

महाराष्ट्रात गेमनिर्मितीचा उद्योग म्हणून विचार सुरू झाला तो मुंबईत. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये इंडियागेम्स ही कंपनी स्थापन केली. तिचे मोठे काम भ्रमणध्वनीवरील खेळांचे होते. पुढे २००७ मध्ये यूटीव्हीने तिच्यात बहुसंख्य भागभांडवल घेतले आणि त्यानंतर ती डिस्नेच्या छत्राखाली गेली. या काळातील साध्या हँडसेटवर जावाची छोटी आवृत्ती, जे-टू-एमई, चालत असे. टाटा इंडिकॉमसारख्या काही सीडीएमए सेवांवर क्वालकॉमची ‘ब्रू’ ही व्यवस्था होती आणि तिच्यासाठी सी वा सी++ मध्ये लिहावे लागे.

सी विरुद्ध जावा या वादाचा निकाल येथे सहज लागावयास हवा होता. तसे घडले नाही, कारण खरी अडचण वेगाची नव्हतीच; ती जागेची होती. नोकियाच्या सुरुवातीच्या सीरिज ४० हँडसेटवर खेळाची संपूर्ण फाईल ६४ किलोबाइटांत बसवावी लागे. जावाच्या या लघुरूपाच्या पहिल्या आवृत्तीत दशांश अपूर्णांकांचा प्रकारच नव्हता. त्यामुळे चेंडूची कमान काढण्यासाठी पुन्हा ‘डूम’च्या काळातील स्थिरबिंदू पद्धत आणि ज्यांची कोष्टके यांचा आश्रय घ्यावा लागला. प्रत्येक वर्गाची स्वतंत्र फाईल जागा खाते म्हणून सारा खेळ एक-दोन वर्गांत कोंबला जाई. खेळ सुरू असताना नवी वस्तू निर्माण करणे टाळले जाई, कारण निरुपयोगी झालेली मेमरी गोळा करणारी यंत्रणा, म्हणजे गार्बेज कलेक्टर, केव्हा जागी होईल आणि फ्रेम रोखून धरील याचा नेम नसे. वर्गात शिकविलेल्या वस्तुनिष्ठ रचनेच्या तत्त्वांना हरताळ फासूनच चांगला मोबाईल खेळ तयार होत असे. तो लिहिणाऱ्यांचे कौशल्य आपल्या अभ्यासक्रमांनी कधी नोंदविले नाही, याची खंत वाटते.

फ्लॅशच्या आणि त्यातील अॅक्शनस्क्रिप्टच्या खेळांचाही एक काळ येऊन गेला. २०२० अखेर फ्लॅशचा अधिकृत आधारच संपल्याने ते खेळ मूळ स्वरूपात चालेनासे झाले. भाषेचे आयुष्य हाही तुलनेचा एक निकष असावा, एवढे येथे नोंदविणे पुरेसे आहे.

इंजिनांचा काळ

२००५ मध्ये आलेल्या युनिटी या गेम इंजिनाने सी-शार्प भाषा लोकप्रिय केली. अनरिअल इंजिनाने २०१४ च्या चौथ्या आवृत्तीत स्वतःची अनरिअलस्क्रिप्ट सोडून सी++ आणि चित्ररूप ‘ब्लूप्रिंट’ स्वीकारले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा २०२० मधील खेळ याच चौथ्या आवृत्तीवर तयार झाला आहे. तथापि पाठ्यपुस्तकी क्रमाची परीक्षा पाहावयाची तर आपल्या गावोगावच्या मोबाईलवर घडलेली एक स्पर्धा अधिक उपयोगी आहे.

पबजी मोबाईल हा खेळ अनरिअल ४ वर, म्हणजे सी++ च्या पायावर उभा होता. फ्री फायर हा खेळ युनिटीवर, म्हणजे सी-शार्पच्या पायावर. क्रमानुसार पहिला हलका ठरावयास हवा. परंतु स्वस्त मोबाईलवर सुरळीत चालणारा खेळ म्हणून नाव झाले ते फ्री फायरचे. कारण उघड आहे. पबजीच्या मूळ नकाशाचा विस्तार आठ किलोमीटर लांब व तितकाच रुंद होता आणि त्यात १०० खेळाडू उतरत. फ्री फायरमध्ये ५० खेळाडू, लहान मैदान, साधी चित्रे आणि सुमारे दहा मिनिटांचा डाव. पबजीच्या निर्मात्यांनाही २०१९ मध्ये कमी मेमरीच्या मोबाईलसाठी ‘लाइट’ आवृत्ती भारतात आणावी लागली. ती करताना त्यांनी भाषा बदलली नाही. मैदान आणि खेळाडूंची संख्या कमी केली. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर केंद्र सरकारने बंदी घातली. तिची कारणे निराळी होती.

युनिटीचा इतिहासही हेच सांगतो. तिच्यातील सी-शार्पविषयीची मुख्य तक्रार सरासरी वेगाची नसून गार्बेज कलेक्टरमुळे येणाऱ्या अडखळीची होती. त्यावर उपाय झाले ते भाषेबाहेर. सी-शार्पचे रूपांतर सी++ मध्ये करून मग यंत्रसंकेत बनविणारी आयएल-टू-सीपीपी ही यंत्रणा आली आणि २०१९ मध्ये कलेक्टरचे काम अनेक फ्रेममध्ये थोडे थोडे वाटून देण्याची सोय झाली. विद्यार्थी तीच सी-शार्प लिहीत राहिला आणि तात्कालिक गती सुधारली.

मोजमापाविषयी काही विचार

भाषांच्या तुलनेचा बहुचर्चित अभ्यास २०१७ मध्ये पोर्तुगालमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला. २७ भाषांचा वेळ, मेमरी आणि ऊर्जा यांची त्यांनी मोजणी केली. सीला १ मानले असता ऊर्जेच्या बाबतीत रस्ट १.०३, सी++ १.३४, जावा १.९८, सी-शार्प ३.१४ आणि पायथन ७५.८८ असे आकडे आले. परळीत औष्णिक विद्युत केंद्र असूनही भारनियमनाचा काळ सोसलेल्या जिल्ह्यात ऊर्जेचा निकष कोणाला पटवून द्यावा लागणार नाही. पण याच तक्त्यात जावास्क्रिप्ट ४.४५ वर आणि टाइपस्क्रिप्ट २१.५० वर आहे. टाइपस्क्रिप्ट ही चालण्यापूर्वी जावास्क्रिप्टमध्येच रूपांतरित होते! तेव्हा जवळजवळ पाचपट दिसणारा हा फरक भाषेचा असू शकत नाही; तो नमुन्यादाखल घेतलेल्या आज्ञावली कोणी कशा लिहिल्या, याचा आहे. ज्यांना केवळ तक्ता उद्धृत करावयाचा असतो ते ही ओळ सहसा वगळतात.

आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना महागड्या साधनांवाचून करता येईल असा एक प्रयोग येथे सुचवावासा वाटतो. सी भाषेत काही हजार ओळी व तितकेच स्तंभ असलेली सारणी घ्यावी. तिच्यातील संख्यांची बेरीज एकदा ओळीओळीने आणि एकदा स्तंभास्तंभाने करावी. भाषा तीच, कंपायलर तोच, बेरजाही तितक्याच. तरीही दुसऱ्या रीतीने बहुधा कित्येक पट वेळ लागतो, कारण प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीत शेजारच्या संख्या एकत्र येतात आणि स्तंभाने जाताना त्यांचा लाभ मिळत नाही. मग तीच बेरीज जावामध्ये ओळीओळीने करून पाहावी आणि सीमधील स्तंभास्तंभाच्या बेरजेशी ताडून पाहावी.

मोबाईलवरील खेळ मोजताना आणखी एक पथ्य आवश्यक आहे. पहिल्या दोन मिनिटांचा वेग हा खेळाचा वेग नव्हे. वीसएक मिनिटांनी मोबाईल तापतो आणि प्रोसेसर स्वतःच आपली गती कमी करतो. मे महिन्यात, जेव्हा बीडमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर असतो, तेव्हा ही घसरण लवकर सुरू होते. वातानुकूलित प्रयोगशाळेत केलेल्या चाचणीत ती दिसतही नाही. म्हणून येथील विद्यार्थ्यांनी आपल्या निरीक्षणांच्या तक्त्यात भाषा, कंपायलर, मोबाईलचे मॉडेल आणि सर्वांत संथ फ्रेमचा अवधी यांच्या जोडीला खोलीचे तापमान हाही एक रकाना ठेवावा.